टायर घ्यायचा तो भरलेल्या गाडीचा

आपल्यापैकी बऱ्याच गटांनी आता स्वतःची तीनचाकी घेतली आहे. कुणी भाजी नेतं, कुणी मसाले-पापड, कुणी दुधाचे कॅन. गाडी घेताना आपण किंमत विचारतो, ॲव्हरेज विचारतो, कर्जाचा हप्ता विचारतो. टायर कुणी विचारत नाही. आम्हीही विचारला नव्हता. म्हणून आज टायरबद्दल बोलायचं आहे.

आमच्या गटाने मालवाहू तीनचाकी घेतली आणि तिच्यावर विक्रीसाठी बॉडी बांधून घेतली. लोखंडी फळ्या, वर पत्रा, बाजूला उघडणारी झडप आणि डाव्या अंगाला पाण्याची टाकी. गाडी दिसायला छान झाली. आठवडी बाजारात लोक थांबून बघायचे. वर्षभराने मागचा एक टायर गोटा झाला. पैसे वाचवायचे म्हणून आम्ही तिथे रिमोल्ड टायर बसवला आणि दुसऱ्या बाजूचा जुनाच ठेवला. हजार-बाराशे रुपये वाचले, म्हणून बैठकीत सगळ्या खूश होत्या.

पहिल्या पावसात बाजाराहून येताना वळणावर ब्रेक लावला आणि गाडी घसरून चारीत कलंडली. गाडी चालवणाऱ्या आमच्या ताईचं मनगट मोडलं. दीड महिना तिचा हात गळ्यात होता. वाचलेल्या पैशांची किंमत आम्हाला तेव्हा कळली.

आधी वजन, मग टायर

आमची पहिली चूक रिमोल्डच्याही आधीची होती. बॉडी बांधल्यावर गाडीचं वजन किती वाढलं, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की डाव्या चाकावर जवळजवळ एक क्विंटल जास्त बसतं, आणि ते रोज बसतं.

म्हणून बाजाराला निघताना जशी भरता तशी गाडी भरा आणि वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन करा. मग फक्त मागची दोन चाकं काट्यावर ठेवून वजन करा. समजा, एकूण ९६० किलो भरलं आणि मागे ७२० किलो आलं, तर मागच्या एकेका टायरवर ३६० किलो आहे. भार एका बाजूला असेल, तर त्या बाजूला आणखी जास्त. टाकीसारखी जड वस्तू शक्यतो मधोमध आणि खाली ठेवा. तीनचाकीला पुढे एकच चाक असल्याने वळणावर ती आधीच कलते. भार उंचावर असला की ती लवकर उलटते.

टायरच्या अंगावर काय लिहिलंय

टायरच्या बाजूवर आकडे आणि इंग्रजी अक्षरं असतात. ती वाचायची सवय करा. वाचता येत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून मुलांकडून वाचून घ्या.

पहिला आकडा मापाचा. ४.५०-१० असं लिहिलं असेल, तर ४.५० ही टायरची रुंदी आणि १० हे रिमचं माप, दोन्ही इंचांत. रिमचा आकडा जुळला म्हणजे टायर जुळला असं समजू नका. कितीतरी स्कूटरनाही दहा इंची रिम असते, पण तो टायर आपल्या गाडीचं ओझं पेलणारा नसतो.

पुढे ६ पीआर, ८ पीआर असं असतं. ही टायरच्या ताकदीची पायरी आहे. आकडा मोठा, तर टायर जास्त दणकट.

काही टायरवर ७१ जे, ७५ जे असंही लिहिलेलं असतं. त्यातला आकडा भाराचा. ७१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३४५ किलो, ७५ म्हणजे ३८७ किलो, ७८ म्हणजे ४२५ किलो. अक्षर वेगाचं. जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर. आता आपला हिशोब आठवा. एका टायरवर ३६० किलो येत असेल तर ७१ चा टायर चालणार नाही. ७५ चा चालेल. ७८ चा घेतला तर खड्ड्यात आपटल्यावरही थोडी शिल्लक राहते. भाराचा आकडा दिसत नसेल तर दुकानदाराकडे कंपनीचा तक्ता मागा.

मात्र एक लक्षात ठेवा. दणकट टायर घातला म्हणून जास्त माल भरायची परवानगी मिळत नाही. भाराची मर्यादा आरसीवर लिहिलेली असते. ब्रेक, चासी, पाटे सगळं त्याच मर्यादेसाठी बनवलेलं असतं.

आणखी दोन खुणा बघा. एक आयएसआयची. दुसरी चार आकड्यांची, टायर कधी बनला ते सांगणारी. २३२४ असेल तर २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेल्या टायरचं रबर कडक होतं, वरून तो नवा दिसत असला तरी. आम्ही वर्षापेक्षा जुना टायर घेत नाही.

मागची जोडी जोडीनेच बदला

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच ताकदीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. आमच्या गाडीला एकीकडे रिमोल्ड आणि दुसरीकडे गोटा होता. ओल्या रस्त्यावर एका चाकाने धरलं, दुसऱ्याने सोडलं आणि गाडी फिरली. पुढचं चाक तर एकटंच. हँडल त्याच्यावर, आणि ते फुटलं तर सावरायला शेजारी दुसरं चाक नाही. तिथे रिमोल्ड कधीच नको. नव्या टायरमध्ये ट्यूबही नवीच घाला. स्टेपनी म्हणजे अडगळ नव्हे, तीही त्याच मापाची आणि हवा भरलेली असू द्या.

हवा आणि नक्षी

हवा आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना तपासा. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळं दिलेलं असतं. हवा कमी असली की टायरची बाजू सतत मुडपते, तापते आणि भर उन्हात फुटते. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी पडते आहे. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होते आहे. एकच कड झिजली असेल तर चाकांची जुळणी बिघडली आहे, मिस्त्रीला दाखवा.

टायरवरची नक्षी शोभेची नसते. पावसात चाकाखालचं पाणी त्या खाचांतून बाहेर जातं, म्हणून टायर रस्ता धरतो. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेत पाहा, एक उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्याने तीनचाकीला खाच किमान ०.८ मिलिमीटर हवी. पण आम्ही त्याची वाट बघत नाही. मृगाच्या आधी टायर बघतो आणि खाच थोडी राहिली असेल तर जोडी बदलून घेतो.

पासिंग विसरू नका

बॉडी बांधली, रचना बदलली, तर ते आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढवून घ्यावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये हे सांगितलेलं आहे. रुंद दिसावेत म्हणून भलत्याच मापाचे टायर घालणंही चालत नाही. कागदात एक आणि रस्त्यावर दुसरंच असलं, तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकतात. टायरचं पक्कं बिल गाडीच्या फाइलमध्ये ठेवा.

शेवटचं सांगतो. अपघातानंतर आम्ही गटाच्या वहीत एक नवा रकाना उघडला, टायरचा. दर बाजाराच्या कमाईतून थोडे पैसे आधी तिथे जातात, मग नफा वाटला जातो. सुरुवातीला कुरकुर झाली. "टायरला भोक पडलेलं नाही, मग आत्तापासून पैसे कशाला?" असं एक मावशी म्हणाल्या. तेव्हा ताईने काही न बोलता आपलं मनगट पुढे केलं. ते अजून पूर्ण वळत नाही. ठराव त्याच बैठकीत झाला.

तुमच्या पुढच्या बैठकीला गाडी दारात उभी करा. सगळ्या जणी बाहेर या, टायरवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहून ठेवा. गाडी एकटी ताई चालवत असली, तरी तिला सुखरूप घरी आणण्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.