व्हीपीएन बोगदा, राउटरवरील
सार्वजनिक इंटरनेटमधून दोन ठिकाणांदरम्यान माहिती सांकेतिक रूपात वाहून नेणाऱ्या मार्गास व्हीपीएन बोगदा म्हणतात. तो बिनतारी राउटरवर उभारल्यास त्यास जोडलेल्या सर्व उपकरणांची वाहतूक त्यातून नेता येते. यासाठी २०२० मध्ये लिनक्स ५.६ च्या गाभ्यात समाविष्ट झालेली वायरगार्ड ही पद्धती वापरता येते. तीत दोन्ही टोकांस प्रत्येकी एक खाजगी व एक सार्वजनिक किल्ली असते. देवाणघेवाण केवळ सार्वजनिक किल्ल्यांची करतात. नंतर दूरच्या टोकाचा पत्ता, द्वारक्रमांक व बोगद्यातून न्यावयाचे पत्ते नोंदवितात. डीएनएस पृच्छाही बोगद्यातूनच न्याव्या लागतात. अन्यथा पाहिलेल्या संकेतस्थळांची नावे बाहेर कळू शकतात. बोगदा तुटल्यास वाहतूक उघड्या मार्गाने जाऊ नये, असा नियम अग्निभिंतीत घालतात. सांकेतिकीकरणाचा भार राउटरच्या प्रक्रियकावर पडत असल्याने वेग घटू शकतो.

उपकरण ते राउटर हा बिनतारी टप्पा मात्र बोगद्याबाहेर राहतो. त्यास डब्ल्यूपीए२ वा डब्ल्यूपीए३ चे वेगळे संरक्षण आवश्यक असते. दूरच्या टोकाशी बोगद्याचे सांकेतिकीकरण उलगडले जाते. त्यामुळे विश्वासाची गरज संपत नाही. ती इंटरनेट सेवादात्याकडून त्या टोकाच्या चालकाकडे सरकते.