नाव झाकूनही साथ शोधता येते

जानेवारी 2025 मध्ये खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी या पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या पट्ट्यात हातापायांतली ताकद अचानक जाऊ लागलेले रुग्ण वाढले. आजार होता गुइलेन-बॅरे सिंड्रोम, बातम्यांतला ‘जीबीएस’. रुग्ण निरनिराळ्या रुग्णालयांत विखुरलेले होते. त्यांचे राहण्याचे ठिकाण एकत्र पाहिल्यावर मात्र गर्दी कुठे आहे ते कळले आणि संशय पाण्यावर गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. फेब्रुवारीत संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला.

या सगळ्यात वाचकांना कळले ते गाव, वय, रुग्णांची संख्या. साथ आवरायला तेवढे पुरेसे होते. शेजाऱ्याचे नाव कुणाला लागले नाही.

पाच वर्षांपूर्वी उलटे घडले होते. 9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले करोनारुग्ण पुण्यात सापडले आणि त्यांची ओळख मोबाइलवरून पसरली. कुटुंबाला बहिष्काराची भीती दाखवली गेली, तेव्हा प्रशासनाला कारवाईचा इशारा द्यावा लागला. ज्यांना आधाराची गरज होती, त्यांच्यावर तोंड लपवण्याची वेळ आली. असे एकदा घडले की पुढचा माणूस तपासणीलाच जात नाही. गोपनीयता मोडल्याचे खरे नुकसान हे आहे.

माहिती फुटायला दर वेळी हॅकर लागत नाही. 2016 मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे 43 हजारांहून अधिक रिपोर्ट, एचआयव्ही चाचण्यांसह, इंटरनेटवर कुणालाही उघडता येत होते. 2020 मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभरचे असुरक्षित एक्स-रे आणि स्कॅनचे सर्व्हर तपासले, तेव्हा भारतात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आला. अनेक ठिकाणी साधा पासवर्डही नव्हता. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ला झाला. तिथे नोंदी कुलूपबंद झाल्या आणि कित्येक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. म्हणजे नोंद चोरांपासून जपायची, तशी ती गरजेच्या वेळी हाताशीही राहायला हवी.

लहान रुग्णालयांत धोका फार साधा असतो. काउंटरवर चारचौघांत मोठ्याने विचारलेली तक्रार, सगळ्या स्टाफचा एकच पासवर्ड, व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट टाकलेला एक्स-रे, रद्दीत गेलेले जुने केसपेपर. यातले काहीही थांबवायला मोठा खर्च लागत नाही. प्रत्येकाला वेगळा लॉगिन, कुणी कोणती फाइल उघडली याची नोंद, वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअप आणि कागद फाडायचे यंत्र, एवढ्यावर बरेच काम होते.

कायद्याचे पाठबळही आहे. एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्यानुसार ठरावीक अपवाद सोडले तर संमतीशिवाय रुग्णाची स्थिती उघड करता येत नाही. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

एक गैरसमज मात्र दूर व्हायलाच हवा. ‘गोपनीय आहे’ असे सांगून रुग्णालय खुद्द रुग्णाला त्याचे कागद नाकारू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात हे स्पष्ट केले. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या आणि मागणी आल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात आपले कागद हक्काने मागा, आणि ते आणखी कोण पाहते हेही विचारा.