वाऱ्याचा आवाज आणि कानांतले बोळे

मोटारसायकलीवरून पुण्याहून साताऱ्यास जाऊन उतरल्यावर कानांत बराच वेळ घूं घूं होत राहतें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. दोष आपण इंजिनास देतों. वस्तुतः ताशीं सुमारें ६५ किलोमीटरच्या पुढें इंजिनापेक्षां वाराच अधिक गर्जतो. हेल्मेटच्या खालच्या कडेशीं, मानेजवळ, हवेचे भोवरे उठतात. ताशीं ८० च्या वेगांतच त्यांचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. हेल्मेट डोकें वांचवितें, कान नव्हे.

तज्ज्ञांच्या हिशेबानें ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून फार तर ८ तास ऐकावा. पुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ ला अवघा एक तास, १०० ला १५ मिनिटें! अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत.

उपाय स्वस्त आहे: फोमचे बोळे. मात्र कानाच्या तोंडाशीं नुसता टेकविलेला बोळा व्यर्थ. तो बोटांनीं वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागें ओढावा, बोळा आंत सारावा आणि तो फुगेपर्यंत अर्धें मिनिट बोटानें धरून ठेवावा. मग हेल्मेट.

"मागच्या मोटारीचा भोंगा कसा ऐकूं येणार?" असें आमच्या घरींहि विचारलें गेलें. बोळा वारा व भोंगा दोन्ही मंद करतो. उंच पट्टीचे स्वर किंचित् अधिक दबतात, हें खरें. पण वाऱ्यावर चढणारा भोंगा बहुधा चढाच राहतो. गांवांतल्या संथ रहदारींत मात्र मी बोळे काढून खिशांत ठेवितों.