बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे बघा

बेळगाव : पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस एका जागी उभी राहिली, की सकाळी चावी फिरवल्यावर नुसता 'खट्' आवाज येतो. सेल्फ लागत नाही. आजूबाजूला जमलेल्या चार लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, "बॅटरी गेली, नवीन टाका." पण बॅटरी गेलेलीच असते असं नाही. कधी ती फक्त उतरलेली असते, कधी टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी साचलेली असते, तर कधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच काम करत नसतो. आपल्याकडचे जुने मेस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात. अशा वेळी नवीन बॅटरी टाकली तर लहान गाडीलाही चार-पाच हजार जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

हा खर्च टाळायला काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इलेक्ट्रिकलच्या दुकानात तो सहज मिळतो. पंधरा-वीस मिनिटांत घरच्या घरी तीन आकडे घेता येतात आणि दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा त्यातून कळतं.

हात लावण्याआधी

साध्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाचं आम्ल असतं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो चार टक्के जरी साठला तरी एका ठिणगीनं भडका उडू शकतो. म्हणून काम मोकळ्या हवेत करा. विडी-सिगारेट, काडी, मेणबत्ती जवळ नको. उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च वापरा. अंगठी, कडं, बांगड्या, धातूचं घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत. जवळ पाण्याची बादली भरून ठेवा. आम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी मारा आणि थेट डॉक्टर गाठा.

तीन आकडे

मीटरचा खटका डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकातच आहे ना, ते बघा. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि बॅटरीला लावली तर शॉर्ट होतो. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर टोकं उलटी लागली आहेत, एवढाच अर्थ.

पहिला आकडा गाडी रात्रभर बंद राहिल्यावर, सकाळी सुरू करण्याआधी घ्या. नुकतीच चालवलेल्या गाडीत आकडा फसवा, थोडा जास्त येतो. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आकडा १०.५ च्या आसपास येत असेल तर हिशेब करून बघा. बॅटरीत सहा सेल असतात, एकेक सुमारे २.१ व्होल्टचा. एक सेल मेला की १२.६ मधून २.१ वजा होऊन १०.५ उरतात. चार्ज करूनही आकडा तिथंच राहिला, तर ती बॅटरी बदलण्याचीच.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा, मीटरच्या वायरी पंख्याच्या आणि पट्ट्याच्या लांब. आकडा क्षणभर खाली येणारच. तो १० च्या वर राहिला तर बॅटरीत जोर आहे. पहिला आकडा १२.६ असूनही सेल्फ मारताना तो ९.५ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी आतून संपत आली आहे.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना. तो साधारण १३.८ ते १४.५ यायला हवा. काही नवीन गाड्यांत बॅटरी भरली की संगणक चार्जिंग कमी करतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा. तरीही आकडा १३ च्या वर जात नसेल तर दोष अल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा वायरिंगचा. तिथं नवीन बॅटरीही चार दिवसांत उतरेल. आकडा १५ च्या वर जात असेल तर जास्त चार्जिंग होतंय. ते बॅटरी उकळवून मारतं. दोन्ही वेळा आधी ऑटो इलेक्ट्रिशियन, मग बॅटरीचं दुकान.

पहिला आकडा कमी आणि तिसरा ठीक असेल तर नवीन घेण्याची घाई नको. आधी बॅटरी दुकानात नीट चार्ज करून घ्या. दहा मिनिटं गाडी नुसती उभी चालू ठेवून रिकामी बॅटरी भरत नाही. चार्ज केल्यावर एक रात्र ठेवून आकडा पुन्हा बघा. १२.५ च्या वर टिकला तर पैसे वाचले. गाडीत जोडलेली असतानाच उतरत असेल आणि सुटी ठेवल्यावर टिकत असेल, तर डिकीचा दिवा, डॅशकॅम किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम करंट खातेय का ते तपासा.

खोलताना आधी मायनस

बदलायची ठरली, किंवा भुकटी साफ करायची असली, तरी क्रम एकच : काढताना आधी मायनस, बसवताना शेवटी मायनस. कारण साधं आहे. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जागेवर असताना प्लसचा नट खोलायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की पूर्ण करंट पान्यातून जातो. पाना लाल होतो, हात भाजतो, ठिणगीनं बॅटरी फुटू शकते. मायनस आधी निघाला असेल तर तोच पाना बॉडीला लागूनही काही होत नाही.

इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि एक काच खाली करा, नाही तर दरवाजे लॉक होऊन बसतात. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. मायनस काढून बाजूला कापडात गुंडाळा, मग प्लस, मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. बॅटरी सरळ उचला, तिरकी करू नका. लहान गाडीची दहा किलोच्या आसपास भरते, मोठ्या डिझेलची पंधराच्या वर. क्लँपवरची भुकटी पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा. नवीन बॅटरी पट्टीनं घट्ट बसवा. आधी प्लस, शेवटी मायनस. वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा.

झाकणं असलेली बॅटरी असेल तर त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या जातीची बॅटरी लागते आणि काहींत नवीन बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. ते काम वर्कशॉपमध्येच करा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या केशरी वायरींना हात लावू नका.

दुकानात काय विचारायचं

जुन्या बॅटरीवरचा नंबर लिहून न्या. उदाहरणार्थ, ३८बी२०एल. यातला २० म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर प्लस कोणत्या बाजूला आहे ते सांगतं. बाजू चुकली तर केबल पुरत नाही, किंवा उलटी जोडली जाऊन गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जळते. बनवल्याची तारीख बघा आणि दुकानातच मीटर लावून घ्या. १२.५ पेक्षा कमी असेल तर चार्ज करून मागा.

किंमत दोन प्रकारे विचारा, जुनी देऊन किती आणि न देता किती. वॉरंटीचाही हिशेब समजून घ्या. ४८ महिने लिहिलेलं असलं तरी पहिले काही महिनेच फुकट बदलून मिळते. नंतर 'प्रो-राटा', म्हणजे वापरलेल्या काळानुसार फक्त सूट. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुतेक वेळा नव्यानं वॉरंटी सुरू होत नाही, उरलेलीच पुढं चालते.

सीमाभागातल्या आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गाडी केए २२ ची, बॅटरी कोल्हापुरात घेतलेली आणि ती बंद पडते पणजीत, हे आपल्याकडे नेहमीचं. घेतानाच विचारा की तक्रार दुसऱ्या राज्यातल्या डीलरकडे चालेल का. बिलावर तारीख, गाडीचा नंबर आणि बॅटरीचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कागद नसेल तर कुठल्याच राज्यात वाद घालता येत नाही.

जुनी बॅटरी अंगणात टाकून ठेवू नका, आम्लही गटारात ओतू नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. दुकानात परत दिली की नियमही पाळला जातो आणि बिलातही सूट मिळते.

नवीन बॅटरी बसवल्यावर तिन्ही आकडे पुन्हा घ्या आणि तारखेसह एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. दर सहा महिन्यांनी, विशेषतः उन्हाळा संपल्यावर, एकदा मोजा. बॅटरी उन्हाळ्याच्या उष्णतेनं खंगते, पण ते कळतं पावसात नाही तर थंडीतल्या सकाळी. आकडा घसरू लागलेला आधीच दिसला, तर चोर्ल्याच्या घाटात रात्री गाडी ढकलण्याची वेळ येत नाही.