एकाच आज्ञावलीच्या अनेक प्रती

बंगळूरजवळील होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एक केंद्र आहे. लडाखमधील हानले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर असलेली दोन मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्र’ दुर्बीण उपग्रहामार्फत याच केंद्रातून चालविली जाते. वेधकर्ता आणि दुर्बीण यांना जोडणारा दुवा म्हणजे संगणकाच्या आज्ञावली होत.

वेधकार्यासारख्या कामात आज्ञावलींच्या प्रती सहज वाढू शकतात. समजा, छायाचित्रातील आकाशाचा पार्श्वप्रकाश वजा करणारी आज्ञावली एका उपकरणासाठी लिहिली आहे. दुसरे उपकरण आले की तिचीच नक्कल करून दोन-चार आकडे बदलले जातात. पुढे प्रत्येक प्रत निराळ्या हाताने सुधारली जाते. एकीत चलांची नावे लांबलचक असतात, तर दुसरीत एकाक्षरी. संगणकाला या भेदांचे सोयरसुतक नसते. वाचणाऱ्याला मात्र केवळ वेशभूषेच्या असंख्य फरकांतून अर्थाचे दोन-तीन फरक शोधून काढावे लागतात.

एकसारख्या ओळींत चूक कशी दडते, याचे उदाहरण २०१४ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. समोरच्या संगणकाची स्वाक्षरी पडताळणाऱ्या ॲपल कंपनीच्या आज्ञावलीत ‘अमुक चुकले तर’ आणि त्याखाली ‘बाहेर पड’ अशा जोड्या एकाखाली एक होत्या. एके ठिकाणी ‘बाहेर पड’ ही ओळ दोनदा उमटली. महिरपी कंस नसल्यामुळे अट फक्त पहिल्या ओळीस लागू झाली. दुसरी बिनशर्त पाळली जाऊन अखेरची पडताळणीच वगळली गेली. तोतया संगणकही त्यामुळे खरा ठरू शकत होता. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली असल्याने ती अटीखालीच आहे, असा भास होई. कंस घालण्याचा नेम सर्वत्र पाळला असता, तर ती ओळ कंसात निरुपद्रवी ठरली असती, किंवा कंसाबाहेर चटकन नजरेत भरली असती.

सामाईक भाग एकाच ठिकाणी लिहावा, हे उत्तम. ते शक्य नसेल तेव्हा तीन पथ्ये पाळावीत. जुनी मांडणी नापसंत असली तरी ती एकाच प्रतीत बदलू नये. बदलायची तर सर्व प्रतींत एकदम बदलावी. मांडणीतील आणि अर्थातील बदल एकाच वेळी करू नयेत. एका प्रतीतील चूक दुरुस्त करताच इतर प्रतीही उघडून पाहाव्यात. मग दोन प्रती शेजारी ठेवल्यावर जे वेगळे दिसते, ते खरोखरच वेगळे असते; ते हेतुपुरस्सर केले की नजरचुकीने राहिले, एवढेच तपासावयाचे उरते.