पाण्याची घाई

आषाढात मोखाड्याच्या माळावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब डोळ्यांसमोर आणा. एक वाघ नदीच्या अंगाला घरंगळला, तर दमणगंगेत मिसळून दमणच्या समुद्रात जाणार. दुसरा चार पावलं दक्षिणेला पडला, तर तो वैतरणेचा. कोचाळ्याजवळ 100 मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण 2014 पासून त्याची वाट अडवून उभं आहे. तिथून सुटलेलं पाणी नदीतूनच खालच्या मोडकसागर जलाशयात येतं आणि पुढे जलवाहिन्यांतून, निव्वळ उताराच्या जोरावर, मुंबईच्या वेशीवर पोहोचतं. मोखाड्याचा थेंब मुंबईकराच्या तांब्यात उतरतो तो असा.

मोडकसागर भरून वाहू लागला, की मुंबईला हायसं वाटतं. मात्र त्याच पावसात दादर-परळचे रस्ते गुडघाभर पाण्यात असतात. जव्हार-मोखाड्यातही पाऊस काही कमी नसतो. मग एकाच पावसाची एके ठिकाणी शेती होते आणि दुसऱ्या ठिकाणी आपत्ती, हे कसं?

डोंगरावर पडलेल्या थेंबाला वाटेत बरेच पाहुणचार घडतात. आधी सागाचं पान, मग खालचा पाचोळा, मग नागली-वरईच्या वरकस जमिनीची माती. तिथूनही निसटला, तर भाताचं खाचर आहेच. एक हेक्टर खाचरात बांधाआड 10 सेंटीमीटर पाणी साचलं, तरी ते 10 लाख लिटर होतं! उतारावर एकाखाली एक अशी कितीतरी खाचरं असतात. वरचं भरलं की खालच्यात, ते भरलं की ओहोळात. प्रत्येक बांध थेंबाला म्हणतो, ‘थांब जरा.’

आता तोच थेंब शहरात पाडून पाहू. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी. तासाभरात 50 मिलिमीटर पडला, तर एका चौरस किलोमीटरवर 5 कोटी लिटर. पत्रा, डांबर, फरसबंदी यांपैकी कुणीच त्याला थोपवत नाही. सगळे थेंब एकदमच गटाराच्या तोंडाशी येतात, गर्दीच्या वेळी लोकलच्या दाराशी यावेत तसे. पाण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या घाईतून शहरी पूर येतो.

26 जुलै 2005 ने हे मुंबईला शिकवलं. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला जेमतेम 73. एकाच शहरात एवढा फरक! दोनच ठिकाणच्या आकड्यांवरून मधल्या वस्त्यांत काय चाललंय, हे कळणार तरी कसं? राज्य सरकारने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. मुंबईत पाण्याची बाहेर पडायची वाटही अडचणीची: पाणी समुद्रात सोडणाऱ्या 186 मुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर आहेत फक्त 6. म्हणजे भरतीच्या वेळी शहराची दारं बाहेरूनच बंद! शिवाय जुन्या वाहिन्या आखल्या होत्या तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना. ही क्षमता दुप्पट करायचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा 1993 पासून तयार होता. त्याला वेग आला तो या पुरानंतर.

तेव्हापासून जे जे झालं, त्यात एक सूत्र दिसतं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रं भरतीला न जुमानता पाणी समुद्रात फेकतात. हिंदमाता या सखल भागातलं पाणी ओहोटीपर्यंत थांबवायला दादर-परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये शहरांना सांगितलं, की दर 4 चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक हवा. जून 2020 मध्ये आलेली ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी आणि जमिनीचे चढउतार एकत्र मांडून कुठे किती पाणी चढेल, हे आधीच सांगू पाहते. टाकी थेंबाला तासभर थोपवते. इशारा माणसाला तासभर आधी मिळतो. दोन्हीकडे मिळतो तो वेळच.

आपल्या पालघर जिल्ह्यातही हाच धडा गिरवला गेला. वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची. म्हणजे जवळजवळ बशीच! जुलै 2018 मध्ये ही बशी भरली. नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, गाडीत अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. मग महापालिकेने आयआयटी मुंबई आणि ‘निरी’ या संस्थांकडून पुराचा अभ्यास करवला. त्यातून पुढे आलेल्या उपायांपैकी एक होता धारण तलाव: पावसाचं पाणी काही काळ धरून ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. जव्हारच्या शेतकऱ्याने हे वाचलं तर तो म्हणेल, अहो, हे तर आमचं खाचर!

पण डोंगरालाही पाणी फार काळ धरता येत नाही. इथे काळ्या कातळावर मातीचा थर पातळ. आत मुरायला जागा थोडी, म्हणून थांबलेलं पाणीही दिवाळीनंतर ओसरत जातं. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर विहिरी तळ गाठतात आणि बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाणी थोपवणं त्यांनाही हवंच आहे. शहराला ते चार तास थांबायला हवं, मोखाड्याला चार महिने.