एक कागद, अनेक खाती

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या व्यापारी घराण्यांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: व्यवहार एकदाच घडतो, परंतु त्याचा शोध अनेक बाजूंनी घ्यावा लागतो. म्हणून रोजमेळात नोंद तारखेच्या क्रमाने होते आणि खतावणीत तीच नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढते. रोजमेळात नोंदीशेजारी खाते-पान लिहिले की मूळ नोंद जागची न हलता हवी तेव्हा हाती लागते.

संगणक आला, पण खतावणीची ही शिस्त कागदपत्रांच्या फाइलींना मात्र लाभली नाही. जालन्यातील सळयांच्या कारखान्यांना भंगार पुरविणाऱ्या पेढीचे उदाहरण घ्यावे. एका खरेदीमागे बिल, ई-वे बिल, बिल्टी, काटा-पावती आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा असे पाच कागद जमतात. बिल पार्टीच्या फोल्डरमध्ये, बिल्टी वर्षाच्या फोल्डरमध्ये आणि काटा-पावती मोबाइलवर राहते. कोणी सावधपणे चार ठिकाणी चार प्रती ठेवतो आणि त्यांतील अचूक कोणती, हा नवा प्रश्न निर्माण करतो.

कायद्याची अपेक्षा स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५५ नुसार इनपुट टॅक्स क्रेडिटचा हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी तो मागणाऱ्यावर असते. कलम ३६ नुसार हिशेब व कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ च्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे ते कागद २०३० च्या अखेरपर्यंत हाताशी हवेत. प्रकरण अपिलात असेल, तर त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. माल प्रामाणिकपणे घेतला असूनही काटा-पावती वेळेत सापडली नाही, तर क्रेडिट व्याजासह परत करण्याची वेळ येऊ शकते.

यावर उपाय म्हणजे फाइल एकाच जागी ठेवून तिला अनेक खुणा, म्हणजे टॅग, लावणे. लिनक्सवर चालणारी ‘टीएमएसयू’ ही मोफत प्रणाली हेच काम करते. तिला माउस लागत नाही. पडद्यावर रोमन अक्षरांत आज्ञा टाइप करावी लागते. प्रथम कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ‘टीएमएसयू इनिट’ ही आज्ञा एकदाच द्यावी. नंतर ‘टीएमएसयू टॅग’, त्यापुढे फाइलचे नाव आणि खुणा लिहाव्यात: पार्टी, वर्ष, कागदाचा प्रकार, वाहन क्रमांक. शोधताना ‘टीएमएसयू फाइल्स’ लिहून पार्टी व वर्ष दिले की दोन्ही खुणा असलेल्या सर्व फाइलींची यादी समोर येते. शेकडो फाइलींना एकाच आज्ञेत खूण लावता येते, हा आज्ञा टाइप करण्याचा मोठा लाभ. मूळ फाइलीत काहीही बदल होत नाही. खुणांची नोंद वेगळी राहते.

जैन समाजाला ही रीत परकी नाही. प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ १९४४ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. हस्तलिखिते आपापल्या ज्ञानभांडारांतच राहिली. कोशाने ग्रंथनामांच्या अकारादी क्रमाने त्यांचा ठावठिकाणा सांगितला.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. खुणांची यादी आधी ठरवून लिहून ठेवावी. एकाच पार्टीचे नाव दोन प्रकारे लिहिले, तर खतावणीत तिची दोन खाती उघडल्यासारखा घोटाळा होतो. फाइल दुसरीकडे हलविल्यास ‘टीएमएसयू रिपेअर’ ही आज्ञा देऊन नवी जागा नोंदवून घ्यावी. आणि फाइलींबरोबर खुणांच्या नोंदीचीही प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

सुरुवात चालू महिन्याच्या खरेदीपासून करावी. रोज सायंकाळी रोजमेळ मिटविताना त्या दिवशीच्या कागदांना खुणा लावल्या, तर मुनीमजी रजेवर असले तरी घरातील सून किंवा मुलगा नोटिशीला लागणारे कागद स्वतः काढू शकेल.